ऑनलाइन खरेदीतील परतीचे वाद आणि नेपाळी समाजातील परिवर्तन : एक समाजशास्त्रीय विवेचन

प्रस्तावना

खरेदी-विक्री हा केवळ आर्थिक व्यवहार नसून तो एक सामाजिक संबंधही असतो. वस्तू कोणाकडून घ्यावी, तिच्या दर्जाची हमी कोणी द्यावी आणि फसगत झाल्यास दाद कोणाकडे मागावी, या प्रश्नांची उत्तरे प्रत्येक समाज आपल्या रचनेनुसार देत असतो. बाजारपेठेचे स्वरूप बदलले की ही उत्तरे अपुरी पडू लागतात आणि नवी उत्तरे शोधावी लागतात. नेपाळी समाज आज अशाच एका टप्प्यावर उभा असल्याचे दिसून येते. गेल्या दोन दशकांत तेथे ऑनलाइन खरेदी रुजली. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर वस्तू निवडणे आणि ती घरपोच मिळवणे शहरी नेपाळी कुटुंबाच्या अंगवळणी पडले. मात्र घेतलेली वस्तू परत करणे तितकेसे सोपे झालेले नाही.

परतीचा वाद वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. चुकीच्या मापाचा कुर्ता, चित्रात दिसला त्याहून वेगळ्या रंगाची चप्पल किंवा दोन दिवसांत बंद पडलेले यंत्र, असे त्याचे विषय असतात. परंतु अशा वादात एक मूलभूत प्रश्न दडलेला असतो. अनोळखी माणसाशी केलेल्या व्यवहारात ‘हे मला मान्य नाही’ असे म्हणण्याचा अधिकार सामान्य ग्राहकाला आहे काय? ओळखीवर आधारलेली जुनी विश्वासव्यवस्था मागे पडली, परंतु नियमावर आधारलेली नवी व्यवस्था अद्याप पुरेशी उभी राहिली नाही. परतीचे वाद हे या दोहोंमधील अंतराचे लक्षण होय, अशी भूमिका प्रस्तुत लेखात मांडली आहे.

पारंपरिक बाजारपेठेतील विश्वास

काठमांडूतील असन आणि इंद्रचोक या पेठा भारत व तिबेट यांना जोडणाऱ्या जुन्या व्यापारी मार्गावर वसलेल्या आहेत. नेवार व्यापाऱ्यांनी या पेठांची परंपरा घडवली. नेपाळी भाषेत दुकानदाराला ‘साहुजी’ आणि दुकान चालवणाऱ्या स्त्रीला ‘साहुनी’ म्हटले जाते. ग्राहकाला ‘दाइ’, ‘दिदी’, ‘बहिनी’ अशा नात्याच्या शब्दांनी हाक मारली जाते. भाव घासाघिशीने ठरतो आणि ओळखीच्या घराला ‘उधारो’ म्हणजे उधारी मिळते. या व्यवहारात कागदाला फारसे स्थान नसते. साहुजीचा शब्द आणि ग्राहकाच्या घराण्याची ओळख हीच व्यवहाराची हमी असते.

‘बिकेको सामान फिर्ता हुँदैन’ या आशयाची पाटी नेपाळमधील दुकानांत सर्रास आढळते. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही सूचना मराठी वाचकालाही अपरिचित नाही. प्रत्यक्षात मात्र ही पाटी सर्वांना सारखी लागू होत नसे. शेजारच्या टोलातील नेहमीच्या ग्राहकाने पातेले गळते म्हणून परत आणले, तर साहुजी कुरकुर करत का होईना ते बदलून देई, कारण त्या घराशी असलेला संबंध त्याला पातेल्याच्या किमतीपेक्षा मोलाचा वाटे. परक्या गावच्या माणसाला मात्र पाटीकडे बोट दाखवले जाई. म्हणजेच परत करणे हा ग्राहकाचा हक्क नव्हता, तर संबंधातून मिळणारी सवलत होती.

या व्यवस्थेचे केवळ गोडवे गाणे उचित ठरणार नाही. ओळखीवर चालणाऱ्या बाजारात ज्याची ओळख प्रतिष्ठित, त्याला सवलत अधिक मिळते. १८५४ च्या मुलुकी ऐनाने नेपाळमधील जातींची उतरंड कायद्यातच नोंदवली होती. १९६३ च्या नव्या मुलुकी ऐनाने जातिभेदाचा कायदेशीर आधार काढून घेतला आणि २०११ मध्ये जातीय भेदभाव व अस्पृश्यता हा दंडनीय अपराध ठरवणारा स्वतंत्र कायदा झाला. तरीही दुकानाच्या उंबरठ्यावर आडनाव विचारले जाण्याची सवय कायद्याबरोबर संपली नाही. अशा ग्राहकासाठी साहुजीशी असलेला ‘आपुलकीचा संबंध’ नेहमीच उपलब्ध होता, असे म्हणता येणार नाही. ऑनलाइन बाजारात आडनाव वस्तूच्या आड येत नाही. तेथे पैसे भरणारा प्रत्येक जण सारखाच ग्राहक असतो. या दृष्टीने ऑनलाइन खरेदीत समतेची एक शक्यता आहे आणि परतीच्या वादांचे महत्त्व समजून घेताना ती विसरता येत नाही.

परिवर्तनाची पार्श्वभूमी

ऑनलाइन खरेदीचा नेपाळमधील उदय हा केवळ तंत्रज्ञानाचा परिणाम नाही. त्यामागे स्थलांतराचा मोठा सामाजिक प्रवाह आहे. २०२१ च्या जनगणनेनुसार नेपाळची लोकसंख्या सुमारे २ कोटी ९२ लाख होती आणि सुमारे २१ लाख ९० हजार नेपाळी नागरिक देशाबाहेर राहत असल्याची नोंद झाली. आखाती देश, मलेशिया आणि भारत येथे गेलेल्या या माणसांनी पाठवलेला पैसा नेपाळी अर्थव्यवस्थेचा मोठा आधार आहे. पुरुष परदेशी गेल्याने घराचे निर्णय स्त्रियांकडे आले. त्याच जनगणनेत ३१ टक्क्यांहून अधिक कुटुंबांच्या प्रमुख स्त्रिया असल्याचे आढळले. सुमारे ७३ टक्के कुटुंबांत स्मार्टफोन होता. हातात पैसा, हातात फोन आणि बाजारात जाण्यास वेळ वा सोबत नाही, अशा परिस्थितीत ऑनलाइन खरेदीला ग्राहक मिळत गेला.

नेपाळमधील ऑनलाइन व्यापाराची सुरुवातही स्थलांतराशी निगडित आहे. २००० च्या सुमारास सुरू झालेल्या ‘मुन्चा’ या संकेतस्थळावरून परदेशस्थ नेपाळी दशैं-तिहारच्या निमित्ताने घरच्यांना भेटवस्तू पाठवत असत. २००९ मध्ये ‘ई-सेवा’ ही पैसे भरण्याची सुविधा आली. २०१६ मध्ये ‘दराज’ने नेपाळमध्ये पाऊल ठेवले आणि २०१८ मध्ये ती कंपनी चीनच्या ‘अलीबाबा’ समूहाकडे गेली. मार्च २०२० मधील टाळेबंदीने असंख्य कुटुंबांना ऑनलाइन खरेदीचा पहिला अनुभव दिला. त्याच काळात फेसबुक, इन्स्टाग्राम व टिकटॉक यांवर वैयक्तिक पृष्ठ उघडून कपडे, सौंदर्यप्रसाधने व दागिने विकणारे छोटे विक्रेतेही मोठ्या संख्येने पुढे आले. त्यांत घरातूनच व्यवसाय करणाऱ्या स्त्रिया लक्षणीय आहेत.

परतीच्या वादांचे स्वरूप

परतीचे वाद एकाच प्रकारचे नसतात. विवेचनाच्या सोयीसाठी त्यांची विभागणी पुढीलप्रमाणे करता येईल.

१) वस्तू वर्णनाप्रमाणे नसणे : चित्रात एक व खोक्यात दुसरे, किंवा अस्सल म्हणून सांगितलेली वस्तू नकली निघणे.

२) वस्तू सदोष वा तुटलेली असणे : येथे दोष मुळातला की वाहतुकीतला, हा वाद उद्भवतो.

३) माप वा रंग न जुळणे : येथे दोष कोणाचाच नसतो, तरीही वस्तू निरुपयोगी ठरते.

४) ग्राहकाचे मन बदलणे : यात तीन उपप्रकार संभवतात. दारात पार्सल नाकारणे, वस्तू पाहून नाकारणे आणि वापरून नाकारणे.

५) परतावा न मिळणे : वस्तू परत घेतली जाते, पण पैशांऐवजी ‘दुसरे काही घ्या’ असे सांगितले जाते किंवा उत्तर देणेच थांबवले जाते.

यांपैकी पहिल्या दोन प्रकारांत ग्राहकाचा दावा न्याय्य असतो, तर चौथ्या प्रकारात विक्रेत्याची तक्रार बहुधा रास्त असते. परंतु व्यवहारात हे प्रकार एकमेकांत मिसळले जातात. ग्राहकाला सर्व नकार सारखेच अन्यायकारक वाटतात आणि विक्रेत्याला सर्व परती सारख्याच लबाडीच्या वाटतात. पारंपरिक दुकानात वस्तू हाताळून, उजेडात धरून घेतली जात असल्याने या भेदाची गरज फारशी भासत नसे. परीक्षा आधी आणि पैसे नंतर, असा क्रम होता. ऑनलाइन व्यवहारात परीक्षा शेवटी येते. म्हणून परत करण्याची सोय ही तेथे मेहेरबानी नसून व्यवहाराचाच आवश्यक भाग ठरते.

रोख पैसे : ग्राहकाने शोधलेली हमी

पैसे भरण्याच्या आधुनिक सुविधा उपलब्ध असतानाही वस्तू हाती आल्यावर रोख रक्कम देण्याची पद्धत नेपाळी ग्राहकाने सोडली नाही. याचा अर्थ केवळ तांत्रिक मागासलेपणा असा लावला जातो, तो पुरेसा नाही. ज्या समाजात दाद मागण्याची यंत्रणा दूर आहे, तेथे पैसा शेवटपर्यंत हातात ठेवणे हीच ग्राहकाची स्वयंनिर्मित हमी असते. ही हमी अर्धवट आहे, हेही खरे. पार्सल उघडण्यापूर्वीच पैसे द्यावे लागत असतील, तर खोके उघडता क्षणीच ती संपुष्टात येते.

या पद्धतीचा भार तिसऱ्याच व्यक्तीवर पडतो. दारात येणारा वितरण कर्मचारी बहुधा खेड्यातून शहरात आलेला, दुचाकीवर राबणारा तरुण असतो. वस्तू त्याने बनवलेली नसते, निवडलेली नसते वा बांधलेलीही नसते. परंतु संपूर्ण व्यवहारात ग्राहकाला दिसणारा एकमेव मानवी चेहरा त्याचाच असतो. त्यामुळे साहुजीवर निघायचा तो राग या ‘भाइ’वर निघतो. उन्हापावसात पुन्हा पुन्हा फेरी मारणे, बंद फोनवर वाट पाहणे आणि नाकारलेले पार्सल परत नेणे हे त्याच्याच वाट्याला येते. चेहरा हरवलेल्या बाजारात जो चेहरा शिल्लक राहतो, त्यालाच दोषाचे धनी व्हावे लागते.

पत्ता, अंतर आणि सण

परतीची व्यवस्था कागदावर कितीही उदार असली तरी ती रस्त्यावर चालावी लागते. काठमांडू खोऱ्यात पत्ता सांगताना घरक्रमांकापेक्षा टोल, चोक वा मंदिर यांच्या खुणा सांगण्याची रीत आहे. वितरण कर्मचारी फोनवर विचारत विचारत घर गाठतो. वस्तू परत नेण्यासाठी हाच खटाटोप उलट दिशेने करावा लागतो. खोऱ्याबाहेर अडचणी अधिक वाढतात. कर्णाली प्रदेशातील जुम्ल्यासारख्या डोंगराळ जिल्ह्यात पावसाळ्यात दरडी कोसळून रस्ते बंद होतात. तेथील ग्राहकाला ‘सात दिवसांत परत करा’ या अटीचा व्यवहारात काही उपयोग नसतो.

दशैंच्या सणात हा प्रश्न विशेष तीव्र होतो. पावसाळा ओसरताच येणाऱ्या या सणात नवे कपडे घालून वडीलधाऱ्यांच्या हातून टीका लावून घेण्याची प्रथा आहे. समजा, परदेशी असलेल्या वडिलांनी पाठवलेल्या पैशांतून आईने मुलासाठी कपडे मागवले आणि ते भलत्याच मापाचे निघाले. बदली कपडे टीकेच्या दिवसानंतर आले, तर पैसे परत मिळूनही नुकसान भरून येत नाही. त्या आईला फोनवर पतीला आणि घरात सासूला उत्तर द्यावे लागते. ‘दुकानात जाऊन घेतले असते तर’ या एका वाक्यात तिच्या नव्याने मिळालेल्या निर्णयाधिकारावरच प्रश्नचिन्ह लावले जाते. परतीचा वाद घरातील सत्तासंबंधांपर्यंत कसा पोहोचतो, हे यावरून लक्षात येईल.

विक्रेत्याची बाजू

या प्रश्नाला दुसरी बाजूही आहे. नेपाळमध्ये ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या कपडे व इलेक्ट्रॉनिक वस्तूंचा मोठा भाग चीन व भारतातून आयात होतो. छोट्या विक्रेत्याने घाऊक बाजारातून उचललेला माल सदोष निघाला, तर सीमेपलीकडच्या पुरवठादाराकडे तो परत पाठवणे त्याला परवडत नाही. ग्राहकाची परत त्याच्यापाशी येऊन थांबते. दारात नाकारलेल्या पार्सलचा जाण्याचा व येण्याचा असा दुहेरी वाहतूक खर्च त्यालाच सोसावा लागतो. चार-सहा पार्सले एका आठवड्यात परत आली, तर घरातून व्यवसाय करणाऱ्या स्त्रीचा महिन्याचा नफा बुडू शकतो. म्हणून ती आगाऊ रक्कम मागते, परत नाकारते किंवा विशिष्ट क्रमांकांना माल पाठवणे बंद करते. ग्राहकाचा अविश्वास आणि विक्रेत्याचा अविश्वास असे एकमेकांना पोसत राहतात.

इज्जत, पुरावा आणि समाजमाध्यमे

पूर्वी गावातील तंटा ‘पंच भलादमी’ म्हणजे गावची प्रतिष्ठित माणसे मिटवत असत. त्यांच्या निवाड्यामागे इज्जतीचा धाक असे. आज दाद न मिळालेला ग्राहक आपली तक्रार समाजमाध्यमावर मांडतो आणि विक्रेत्याचे नाव घेऊन इतरांना सावध करतो. एका परीने हीही इज्जतीच्याच भाषेत मागितलेली दाद होय. परंतु गावच्या पंचांसमोर दोन्ही बाजू हजर असत. येथे पाहणारे हजारो असूनही दुसरी बाजू ऐकण्याचे बंधन कोणावर नसते.

पुराव्याची संकल्पनाही बदलत आहे. पार्सल उघडतानाचे चित्रीकरण करून ठेवण्याची सवय ग्राहकांत वाढली आहे. जेथे पूर्वी ‘माझा शब्द’ पुरेसा होता, तेथे आता दृश्य पुरावा द्यावा लागतो. मात्र ज्या वृद्धाला वा अल्पशिक्षित गृहिणीला फोनवर चित्रीकरण करणे जमत नाही, तिचा खरा दावाही पुराव्याअभावी खोटा ठरण्याची भीती असते. २०२१ मध्ये नेपाळमधील स्त्रियांचे साक्षरतेचे प्रमाण सुमारे ६९ टक्के होते, हे लक्षात घेता ही बाब दुर्लक्षणीय नाही.

समाजमाध्यमावरील दुकान किती अस्थिर असते, याचा अनुभव नेपाळने दोनदा घेतला. नोव्हेंबर २०२३ मध्ये टिकटॉकवर बंदी आली, ती ऑगस्ट २०२४ मध्ये उठली. ४ सप्टेंबर २०२५ रोजी नोंदणी न केल्याच्या कारणावरून फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सअॅप यांसह २६ समाजमाध्यमे बंद करण्याचा निर्णय झाला आणि ८ सप्टेंबरच्या तरुणांच्या आंदोलनानंतर तो मागे घेण्यात आला. या घटनांचे राजकीय परिणाम सर्वज्ञात आहेत. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची बाब अशी की, ज्या व्यवहाराची पावती, पत्ता आणि संभाषण हे सारे एका माध्यमातच साठवलेले असते, त्या माध्यमाला टाळे लागताच ग्राहकाचा पुरावाही त्याच्या आवाक्याबाहेर जातो.

कायद्याची चौकट

नेपाळमध्ये ग्राहकहिताचे कायदे नाहीत, असे मुळीच नाही. १९९८ च्या ग्राहक संरक्षण कायद्याची जागा २०१८ च्या कायद्याने घेतली. २०१५ च्या संविधानातील अनुच्छेद ४४ ने तर दर्जेदार वस्तू व सेवा मिळवणे आणि निकृष्ट वस्तूमुळे हानी झाल्यास भरपाई मिळवणे हा मूलभूत हक्क मानला आहे. २०१८ च्या कायद्यात ग्राहक न्यायालयाची तरतूद होती. परंतु ते प्रत्यक्षात येण्यास वर्षे लोटली. २०२५ मध्ये ऑनलाइन व्यापारासाठी स्वतंत्र ‘विद्युतीय व्यापार ऐन’ लागू झाला. विक्रेत्याने आपली ओळख, वस्तूचे वर्णन, किंमत व अटी स्पष्ट कराव्यात, हे त्याचे मुख्य सूत्र आहे.

तथापि कायद्याची अंमलबजावणी पावतीपासून सुरू होते. १९९७ मध्ये मूल्यवर्धित कर लागू झाला तेव्हा पावती देण्याच्या सक्तीला व्यापाऱ्यांनी विरोध केला होता. पावती मागणे म्हणजे साहुजीवर अविश्वास दाखवणे, ही भावना ग्राहकाच्या मनातही होती. कायद्याने हक्क दिला, पण तो हक्क सांगण्यासाठी लागणारा कागद मागण्याची सवय समाजाने अद्याप पूर्णपणे स्वीकारलेली नाही. शिवाय काही हजार रुपयांच्या वस्तूसाठी राजधानीपर्यंत दाद मागणे दूरच्या ग्राहकाला परवडणारे नाही.

या संदर्भात महाराष्ट्राचा अनुभव तुलनेसाठी उपयुक्त ठरतो. भारतात ग्राहक संरक्षण कायदा १९८६ मध्ये झाला. त्याच्या एक तप आधीच, १९७४ मध्ये, पुण्यात बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकाराने ग्राहक पंचायतीची चळवळ उभी राहिली होती. पावती मागणे हा अपमान नसून ग्राहकाचे कर्तव्य आहे, हा विचार कायद्यापूर्वी मध्यमवर्गात रुजवण्याचे कार्य अशा चळवळींनी केले. नेपाळमध्ये बाजार आधी, कायदा नंतर आणि सवय सर्वांत शेवटी, असा क्रम घडत असल्याचे दिसते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) परतीचे वाद हे ग्राहकांच्या चंचलतेचे किंवा विक्रेत्यांच्या लबाडीचे केवळ फलित नसून विश्वासाचा आधार बदलत असल्याचे ते द्योतक आहेत.

२) जुन्या व्यवस्थेत परत ही ओळखीची सवलत होती. तिला हक्काचे रूप मिळाले, तर जात, लिंग व वास्तव्य यांमुळे सवलतीपासून वंचित राहिलेल्यांनाच तिचा सर्वाधिक लाभ होईल.

३) सध्याच्या संक्रमणावस्थेची किंमत वितरण कर्मचारी, घरातून विक्री करणारी स्त्री आणि राजधानीपासून दूर राहणारा ग्राहक हे दुबळे घटकच अधिक मोजत आहेत.

४) दाद मागण्याचे ठिकाण ग्राहकाच्या जवळ असणे आवश्यक आहे. नेपाळमधील ७५३ स्थानिक शासनसंस्थांत संविधानाच्या अनुच्छेद २१७ नुसार उपप्रमुखांच्या नेतृत्वाखाली न्यायिक समित्या आहेत. लहान रकमेच्या परतीच्या वादांत मध्यस्थी करण्याचे काम त्यांच्याकडे स्पष्टपणे सोपवता येईल काय, याचा विचार व्हावयास हवा.

५) सदोष वस्तूची परत आणि मन बदलल्यामुळे केलेली परत यांतील भेद ग्राहकशिक्षणातून स्पष्ट होणे गरजेचे आहे. या भेदाअभावी प्रामाणिक विक्रेताही परत नाकारण्याकडे ढकलला जातो.

समारोप

असनच्या पेठेतील साहुजी ग्राहकाचा चेहरा पाहून वस्तू बदलून देत असे. नव्या बाजारात चेहरा दिसत नाही, आणि तो दिसण्याची आवश्यकताही नसावी. ज्याला कोणी ओळखत नाही अशा माणसालाही त्याची रास्त परत बिनबोभाट मिळणे, हीच या परिवर्तनाची खरी कसोटी होय. जुम्ल्यातील एखादी गृहिणी गळते पातेले कोणाच्याही ओळखीविना परत करू शकेल, तेव्हा संविधानाच्या अनुच्छेद ४४ मधील हक्क कागदावरून तिच्या स्वयंपाकघरापर्यंत पोहोचला, असे म्हणता येईल.